लोहाची गोळी चहाबरोबर नको

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या आपल्या वस्त्यांत चहाच्या घोटाबरोबर लोहाची गोळी घेणाऱ्या भगिनी आम्हाला भेटतात. चहातले टॅनिन लोहाला घट्ट धरते आणि बरेचसे लोह रक्तात न जाताच बाहेर पडते. लोखंडी विळ्यावर चहा सांडला की काळा डाग पडतो ना, तीच ही जोडी! लिंबू-आवळ्यातले क जीवनसत्त्वही लोहाला धरते, पण विरघळलेले ठेवून आतड्याच्या हवाली करते. मासळी-मटणातले काही लोह ‘हीम’ नावाच्या कड्यात बसलेले असते. त्याला चहा फारसा अडवत नाही.

गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. ती जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा दोन तास लांब ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. या गोळीने शौचास काळे होते. तेवढ्याने घाबरून ती बंद करू नका.