दोन पाण्यांच्या मधून : 'एई-२' पाणबुडीची हकिगत

दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत पाणी एकाच वेळी दोन दिशांना वाहतं. वरचा थर काळ्या समुद्रातून आलेला, मोठमोठ्या नद्यांच्या गोड्या पाण्यानं सौम्य झालेला. तो मार्मारा समुद्र ओलांडून एजियनकडे धावतो. त्याच्याखाली भूमध्य समुद्राचं जड, खारं पाणी असतं आणि ते उलट दिशेनं आत शिरत राहतं. बॉस्फरसमध्येही हेच घडतं. लुइजी मार्सिली हा इटालियन तरुण सतराव्या शतकात इस्तंबूलला आला, तेव्हा तिथल्या कोळ्यांना खालचा उलटा ओघ ठाऊक होता. मार्सिलीनं पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे दोराला बांधून तो पाण्यात सोडला आणि ते कुठल्या खोलीवर कुठे वळतात ते पाहिलं. पुढे टाकीत पडदा घालून, दोन बाजूंना कमी-जास्त खारं पाणी भरून त्यानं तो ओघ तयार करून दाखवला. हे सगळं १६८१ साली छापून आलं. समुद्राच्या शास्त्रातला हा फार जुना आणि अतिशय देखणा प्रयोग आहे.

१९१५ सालच्या एप्रिलमध्ये याच पाण्यातून एक पाणबुडी वर जायला निघाली. लांबी ५५ मीटर, आत ३२ माणसं. तिनं बुडवलेल्या जहाजांची यादी करायला बसलं तर खात्रीनं लिहावं असं एकही नाव सापडत नाही. त्यामुळे युद्धाच्या मोठ्या इतिहासांत तिला दोन-चार ओळींवर जागा मिळत नाही. माझ्या मते हा मोजमापाचा दोष आहे. तिचं काम जहाजं बुडवण्यापेक्षा अवघड होतं. सगळ्यांनी बंद मानलेली वाट मोकळी आहे, हे तिला सिद्ध करायचं होतं.

'एई-२' बांधली इंग्लंडमधल्या बॅरो इथे, व्हिकर्स कंपनीनं. जून १९१३ मध्ये ती पाण्यात उतरली आणि पुढच्या फेब्रुवारीत नव्यानंच उभ्या राहिलेल्या ऑस्ट्रेलियन नौदलात दाखल झाली. ई वर्गाच्या या पाणबुड्या तेव्हाच्या ब्रिटिश आरमारातल्या सर्वांत चांगल्या. पाण्यावर डिझेल इंजिनांवर ताशी १५ नॉट, पाण्याखाली विजेच्या मोटरींवर १० नॉट. टॉर्पेडोच्या नळ्या चार : एक नाळेवर, एक मागच्या टोकाला, आणि दोन कुशींत, डावी-उजवीकडे तोंड करून. तोफ नव्हती. बॅटरीचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. पूर्ण वेगानं गेलं तर पाण्याखाली बॅटरी तासाभरात संपते. ताशी ५ नॉटनं गेलं तर कागदावर ६५ मैल पुरते. मग वर येऊन इंजिन चालवून ती पुन्हा भरायची. शत्रूच्या डोळ्यांदेखत ते करता येत नाही.

कप्तान होता हेन्री स्टोकर. डब्लिनचा आयरिश माणूस, 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या नात्यातला. हाताखालची माणसं निम्मी ब्रिटिश आरमारातली, निम्मी ऑस्ट्रेलियन. २ मार्च १९१४ ला 'एई-१' आणि 'एई-२' या दोघी बहिणी पोर्ट्‌समथहून निघाल्या आणि माल्टा, सुएझ, एडन, कोलंबो, सिंगापूर करत २४ मे रोजी सिडनीला पोचल्या. सुमारे १३,००० मैल. तोवर कुठल्याच पाणबुडीनं एवढा पल्ला मारला नव्हता. वाटेत 'एई-२' च्या पंख्याचं पातं तुटलं. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात इंजिनाच्या धगीत, डिझेलच्या वासात माणसं कशी राहिली असतील, याचा विचार केला तरी अंग घामेजतं.

महायुद्ध सुरू होताच दोघींना जर्मन न्यू गिनीकडे पाठवलं. १४ सप्टेंबर १९१४ ला 'एई-१' राबाऊलजवळ गस्तीला गेली आणि परतलीच नाही. ३५ माणसं, ना तेलाचा तवंग, ना लाकडाचा तुकडा. ती सापडली थेट डिसेंबर २०१७ मध्ये, ड्यूक ऑफ यॉर्क बेटांजवळ, ३०० मीटरहून खोल पाण्यात. 'एई-२' च्या लोकांनी तिचा शोध घेतला होता. एका बंदरातून निघालेल्या, एकमेकांना नावानं ओळखणाऱ्या त्या माणसांवर या शोधाचा काय परिणाम झाला असेल, ते सांगायला नको.

जर्मन आरमाराची पूर्वेकडची तुकडी डिसेंबरात फॉकलंडजवळ संपल्यावर पॅसिफिकमध्ये पाणबुडीला काम उरलं नाही. ३१ डिसेंबरला 'एई-२' ऑस्ट्रेलियन फौजेच्या दुसऱ्या ताफ्याबरोबर पश्चिमेकडे निघाली. मोठ्या जहाजामागे दोरानं ओढली जात तिनं हिंदी महासागर पार केला आणि पुढे दार्दानेल्सच्या तोंडाशी असलेल्या ब्रिटिश आरमाराला येऊन मिळाली.

सामुद्रधुनीची लांबी साठेक किलोमीटर. चनाक्कलेपाशी ती इतकी आवळते की दोन्ही काठांत जेमतेम सव्वा किलोमीटर अंतर उरतं. दोन्हीकडे तुर्कांचे किल्ले, तोफा, रात्री फिरणारे शोधदिवे, आणि मध्ये पाणसुरुंगांच्या ओळींमागून ओळी. १३ डिसेंबर १९१४ ला नॉर्मन होलब्रुकनं 'बी-११' ही जुनाट छोटी पाणबुडी त्या सुरुंगांखालून नेऊन 'मेसुदिये' ही युद्धनौका बुडवली आणि तो परतला. पण तो अरुंद गळ्याच्या अलीकडूनच. जानेवारीत फ्रेंच पाणबुडी 'साफीर' तिथंच बुडाली. १८ मार्चला मोठ्या युद्धनौकांचा हल्ला फसला आणि तीन जहाजं तळाला गेली. १७ एप्रिलला थिओडोर ब्रोडीची 'ई-१५' केपेझजवळ ओघानं काठावर ढकलली गेली आणि तो तोफेच्या गोळ्यानं मेला. त्याचा जुळा भाऊ चार्ल्स ब्रोडी आरमाराच्या मुख्यालयात पाणबुड्यांचंच काम पाहत होता.

हे सगळं माहीत असताना स्टोकरनं जायची तयारी दाखवली. त्याची योजना साधी होती. अंधारात जमेल तितकं पाण्यावरूनच पुढे सरकायचं, बॅटरी राखायची, आणि दिसलो की बुडी मारायची. २४ एप्रिलच्या पहाटेचा पहिला प्रयत्न पुढच्या आडव्या सुकाणूचा दांडा तुटल्यामुळे सोडावा लागला. चोवीस तासांत दुरुस्ती करून ती पुन्हा तोंडाशी आली.

२५ एप्रिल १९१५, रविवार. त्याच पहाटे गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडची फौज उतरणार होती. अडीचच्या सुमारास 'एई-२' आत शिरली. तोफांनी ओळखल्यावर तिनं बुडी मारली. मग सुरू झाला सुरुंगांच्या तारांचा घासण्याचा आवाज. सुरुंग वर तरंगतो आणि त्याला तळाशी बांधणारी तार पाणबुडीच्या अंगावरून खरडत मागे जाते. ती कुठे अडकली तर सुरुंग ओढला जाऊन टेकलाच. आतल्या माणसांना ऐकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. अशात स्टोकरला दिशा पाहण्यासाठी दोनदा वर यावं लागलं, सुरुंगांच्या मधोमध.

सहाच्या सुमारास ती गळ्यापाशी पोचली. तिथं एका तुर्की तोफनौकेवर तिनं टॉर्पेडो सोडला आणि दुसऱ्या नौकेची धडक चुकवायला खाली गेली. ओघानं तिला उचलून थेट एका किल्ल्याच्या पायथ्याशी उथळ पाण्यात बसवलं. वरचा मनोरा उघडा पडला. पण इतक्या जवळ की तोफांची तोंडं तेवढी खाली वळेनात. ती तिथून सुटली, पलीकडच्या काठाला पुन्हा रुतली, पुन्हा सुटली. पाठलाग करणाऱ्या बोटी डोक्यावर फिरत होत्या. साडेआठच्या सुमारास स्टोकरनं तिला आशियाच्या काठाजवळ सुमारे ८० फुटांवर तळाला टेकवलं आणि यंत्रं बंद केली. वरून बोटी काहीतरी ओढत नेत होत्या, एकदा काही जड वस्तू तिच्या अंगावर आदळून गेली. रविवार म्हणून स्टोकरनं तिथंच प्रार्थना घेतली. रात्री नऊच्या सुमारास ती वर आली तेव्हा बुडी मारल्याला सोळा तास झाले होते.

बॅटरी भरता भरता बिनतारी यंत्रावरून संदेश धाडला : आम्ही गळा ओलांडला आहे. उत्तर आलं नाही. यंत्र बिघडलं, संदेश गेलाच नाही, असंच तिथल्या सगळ्यांना वाटलं. पण तो पोचला होता. 'क्वीन एलिझाबेथ' या जहाजावर सेनापती इयान हॅमिल्टनपुढे त्या रात्री किनाऱ्यावरून आलेली चिठ्ठी होती. माणसं फार पडली आहेत, फौज परत घ्यावी का, असा तिचा सूर. 'एई-२' ची बातमी तिथं घेऊन आला तो चार्ल्स ब्रोडी, आठ दिवसांपूर्वी याच पाण्यात भाऊ गमावलेला. हॅमिल्टननं किनाऱ्यावर ठाम राहा, खंदक खणा, असा हुकूम पाठवला आणि त्याच पत्रात पाणबुडी पार गेल्याचाही उल्लेख केला. त्या बातमीमुळेच निर्णय झाला का, यावर इतिहासकार भांडतात. मला ते तसं वाटत नाही. किनाऱ्यावरून अंधारात हजारो माणसं परत काढणं त्या रात्री शक्यच नव्हतं. बातमीनं धीर दिला, एवढं मात्र पत्रातच दिसतं. तो धीर पुढे आठ महिने कशाला पुरवला गेला, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे.

२६ तारखेला सकाळी ती मार्मारा समुद्रात शिरली. हुकूम होता, जमेल तेवढा धुमाकूळ घालायचा. पाच दिवस तिनं टॉर्पेडो सोडले आणि ते चुकत गेले. मग ती दिवसाढवळ्या एका ठिकाणी दिसायची, रात्री दुसरीकडे, म्हणजे पाणबुड्या पुष्कळ आहेत असं वाटावं. २९ ला तिला एडवर्ड बॉयलची 'ई-१४' भेटली. 'एई-२' पार गेल्याचं कळल्यावरच तिला मागोमाग धाडलं होतं. उद्या सकाळी दहाला इथंच भेटू, असं ठरलं.

३० एप्रिलला ठरल्या जागी, आर्ताकीच्या आखाताजवळ, कप्तान रिझाची 'सुल्तानहिसार' ही टॉर्पेडो बोट येताना दिसली. 'एई-२' नं बुडी मारली आणि इथं दोन पाण्यांनी घात केला. पाणबुडी पाण्यात तोलून ठेवलेली असते. फिक्या पाण्यासाठी साधलेला तोल जड पाण्याच्या थरात गेला की ती बुचासारखी वर फेकली जाते. टाकीत जास्त पाणी घेऊन तिला खाली दाबावं, तर थर सुटताच ती दगडासारखी जाते. एकाएकी तिचं नाक वर उठलं आणि ती शत्रूपासून मैलभरावर पाण्याबाहेर आली. टाकी भरली, तर नाक खाली करून ती सुटली आणि खोलीमापकाचा काटा १०० फुटांच्या पलीकडे गेला. टाक्या रिकाम्या करून, यंत्रं उलटी फिरवून तिला थोपवलं, तर आता मागचं टोक आधी वर आलं. 'सुल्तानहिसार' च्या गोळ्यांनी इंजिनाच्या खोलीला तीन भोकं पडली. अशा कवचानं पुन्हा बुडी मारणं शक्य नव्हतं. स्टोकरनं माणसं वर काढली, झडपा उघडून पाणबुडी स्वतः बुडवली. ३२ च्या ३२ जिवंत राहिले. रिझाच्या बोटीनंच त्यांना पाण्यातून उचललं.

पुढची वर्षं कैदेची. खलाशांना तोरोस पर्वतातल्या बेलेमेदिक भागात बगदाद रेल्वेच्या बोगद्यांच्या कामाला लावलं. तिथं चौघे रोगानं मेले : चार्ल्स व्हार्को, स्टीफन गिल्बर्ट, आल्बर्ट नॅग्ज आणि मायकेल विल्यम्स. याच रेल्वेच्या कामावर मराठी माणसंही आली. २९ एप्रिल १९१६ ला इराकमधलं कूत-अल-अमारा पडलं, तेव्हा तुर्कांना शरण गेलेली ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी डिव्हिजन पुण्याची होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, कोकणातल्या आणि देशावरच्या गावांतून भरती झालेल्या. हिंदी कैद्यांना वाळवंट तुडवत रास अल-ऐनच्या बाजूला नेलं. वाटेत आणि तिथल्या छावण्यांत मेलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी नेमकी तारीखही कळली नाही. नॅग्जनं कैदेत रोजनिशी लिहिली म्हणून त्या रेल्वेवरचे दिवस एका माणसाच्या डोळ्यांनी पाहता येतात. मराठा शिपायांच्या घरोघरच्या जुन्या पेट्यांत काही पत्रं असतील, तर ती शोधायला अजून उशीर झालेला नाही.

स्टोकरनं १९१६ मध्ये अफ्योनकाराहिसारच्या छावणीतून दोघांसह पळून समुद्राच्या दिशेनं डोंगर तुडवले आणि तो पुन्हा पकडला गेला. युद्धानंतर त्याला डी.एस.ओ. हे खालच्या दर्जाचं पदक मिळालं. त्याच्या मागून त्याच वाटेनं गेलेल्या बॉयल आणि 'ई-११' च्या नॅस्मिथला व्हिक्टोरिया क्रॉस. त्या दोघांचं शौर्य निःसंशय मोठं. पण वाट आहे हे ठाऊक असताना जाणं आणि ठाऊक नसताना जाणं यांतला फरक लंडनच्या कचेरीला दिसला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. स्टोकर आरमार सोडून रंगभूमीवर नट झाला, दुसऱ्या महायुद्धात परत सेवेत आला आणि १९६६ मध्ये वारला.

पाणबुडी १९९८ मध्ये सापडली. इस्तंबूलच्या रहमी कोच संग्रहालयाचे सेल्चुक कोलाय यांनी ती ७३ मीटर खोलीवर शोधून काढली आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन डायव्हरांनी खाली उतरून ओळख पटवली. २०१४ मध्ये दोन्ही देशांच्या लोकांनी मनोऱ्याच्या झाकणातून कॅमेरा आत सोडला. तेव्हा बिनतारी यंत्राचा सुटा खांब आणि त्याची तारही दिसली. पाणबुडी वर काढावी का, यावर बरीच चर्चा झाली. शंभर वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेलं पोलाद हवेत आलं की झपाट्यानं खराब होतं, आणि त्याला अनेक वर्षं टाक्यांत ठेवण्याचा खर्च अफाट. शिवाय आत टॉर्पेडो असण्याची शक्यता. म्हणून तिला तिथंच ठेवून, गंज कवचाऐवजी आपल्यावर ओढून घेणारे धातूचे ठोकळे शेजारी बसवून तारेनं जोडले आणि मच्छीमारांच्या जाळ्यांपासून जपायला वर बोया लावला. निर्णय योग्यच झाला. मात्र हे ठोकळे झिजत जातात, ते वेळेवर बदलावे लागतील आणि त्यासाठी कँबेरा आणि अंकारा या दोन्ही ठिकाणच्या सरकारांना दर काही वर्षांनी पैसे मंजूर करावे लागतील.