उशिरा पोहोचणारं बोट

विंडोज एक्सपीबरोबर फुकटात मिळणारा ‘स्पेस कॅडेट’ हा पिनबॉलचा खेळ आता ब्राउझरमध्येही चालतो आणि फोनवरही. तो पुन्हा खेळून पाहणाऱ्या अनेकांची तक्रार मात्र सारखीच असते: टेबल तेच, चेंडू तोच, पण पूर्वीची पकड येत नाही. गोंदियाचंच उदाहरण घ्या: हा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, 2001 मध्ये राज्यात एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी एक्सपी बाजारात आली. आमगाव, तिरोडा, देवरीकडच्या ज्या पिढीनं पहिला संगणक क्लासमध्ये हाताळला, तिच्या बोटांना वर्ड-एक्सेलच्या आधी झेडची आणि तिरक्या रेघेची कळ पाठ झाली असेल तर नवल नाही. सर दुसऱ्या टेबलाकडे वळले की चेंडू परतवणारा डावा फ्लिपर झेडवर आणि उजवा तिरक्या रेघेवर. या पिढीची तक्रार ‘वय झालं, दुसरं काय’ म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे, आणि जाहिरातींत ज्या चकचकीत चित्रांचा डांगोरा पिटला जातो त्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. डिजिटल पिनबॉल अडतो तो वेळेपाशी. संगणक वेळ कशी मोजतो आणि आपल्या बोटाची हाक त्याच्यापर्यंत किती उशिरा पोहोचते, या दोन गोष्टींवर सगळा खेळ आहे.

खऱ्या टेबलावर पोलादी गोळी 27 मिलिमीटर व्यासाची आणि साधारण 80 ग्रॅम वजनाची असते. उतार साडेसहा अंशांच्या आसपास, आणि गोळी सेकंदाला तीन मीटरचा वेग सहज गाठते. ती सतत धावते. संगणकातली गोळी मात्र टप्प्याटप्प्यानं पुढे ठेवली जाते. सेकंदाला 60 टप्पे धरले तर दर टप्प्याला ती पाच सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट. गोंदिया-बालाघाट मार्गावरचा एखादा फाटकवाला ठरावीक वेळानं क्षणभरच डोळे उघडत असेल, तर मधल्या वेळात निघून गेलेली गाडी त्याच्या लेखी आलीच नाही. संगणकही तसाच शपथेवर सांगतो की मधे रबर नव्हतं, खिळा नव्हता, टक्कर झालीच नाही. मग गोळी भिंतीतून आरपार जाते. याचा इलाज माहीत आहे: टप्पे बारीक करायचे किंवा दोन टप्प्यांमधला पूर्ण मार्ग तपासायचा. हौशी मंडळींनी वाढवलेल्या ‘व्हिज्युअल पिनबॉल’मध्ये हा हिशेब सेकंदाला हजार वेळा होतो, तीन मीटर वेगाची गोळी दर टप्प्याला तीनच मिलिमीटर सरकते. टक्कर ओळखण्याचा हिशेब किती नाजूक असतो, हे स्पेस कॅडेटच्याच शेवटावरून दिसतं. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टात हा खेळ का आला नाही, ते मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी 2012 मध्ये सांगितलं. 64 बिटच्या आवृत्तीत टक्कर ओळखण्यात कुठेतरी गफलत होत होती आणि गोळी भुतासारखी वस्तूंमधून आरपार जात होती. सुरुवातीलाच गोळी सोडणाऱ्या दट्ट्यातून निसटून खाली पडायची. मूळ प्रोग्रॅम बाहेरच्या कंपनीचा, त्यात समजावणाऱ्या टिपा जवळजवळ नाहीत, चूक सापडेना. शेवटी खेळच काढून टाकला.

आता उसळी. बहुतेक साध्या खेळांत प्रत्येक रबराला उसळीचा एक ठरलेला आकडा दिलेला असतो: आदळताना जो वेग, त्याच्या इतके टक्के परत. खरे पदार्थ असे वागत नाहीत, आणि हे दाखवणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्या फार ओळखीचं आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन 1910 मध्ये अर्थखात्याची नोकरी करत नागपुरात होते, गोंदियाहून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर. नागपूरचं रामन विज्ञान केंद्र ज्या प्रकाशाच्या शोधासाठी त्यांचं नाव मिरवतं, तो शोध पुढचा. त्याआधी कलकत्त्यात त्यांनी गोळ्यांच्या टकरींचे फोटो घेतले आणि 1918 मध्ये दाखवलं की धातूच्या गोळ्या जितक्या हळू आदळतील तितकी उसळी परिपूर्ण होत जाते. उसळीचं प्रमाण वेगावर अवलंबून असतं. त्याच सुमारास त्यांचे सहकारी सुधांशुकुमार बॅनर्जी बिलियर्डच्या गोळ्यांच्या ‘टक्’ आवाजामागे लागले होते. हा आवाज गोळी घंटेसारखी थरथरल्यानं होत नाही, ती कंपनं आपल्या कानाच्या पल्याडची; टकरीच्या क्षणी गोळीचा वेग एकाएकी बदलतो, हवेला धक्का बसतो, तो आपण ऐकतो. हे बॅनर्जी पुढे कुलाबा-अलिबाग वेधशाळेचे संचालक झाले आणि नंतर हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक. रामन यांच्या सावलीत त्यांचं हे देखणं काम झाकलं गेलं, याची रुखरुख वाटते. व्हिज्युअल पिनबॉलमध्ये उसळी वेगानुसार घटवण्याची वेगळी सोय आहे, म्हणजे खेळ बनवणारे निदान रामन यांच्या दिशेनं तरी निघाले आहेत. आवाजाच्या बाबतीत बरेच खेळ अजून एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवतात.

यावर कोणी म्हणेल, की मग उसळीचा हिशेब अचूक केला म्हणजे झालं. तसं होत नाही, कारण अचूकपणाला इथे फार लवकर मर्यादा पडते. गोल खांबावर आदळताना गोळी किंचित बाजूला लागली तरी परतीची दिशा बरीच बदलते, आणि पुढच्या खांबापर्यंत तो फरक वाढत जातो. खांबांमधलं अंतर 15 सेंटिमीटर आणि गोळीची त्रिज्या धरून खांबाची त्रिज्या पाच सेंटिमीटर मानली, तर प्रत्येक टकरीला चूक साधारण सात पट होते. सुरुवातीची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची चूक सहाव्या टकरीपर्यंत सुमारे 12 सेंटिमीटर होते. हवामानाच्या अंदाजांना मर्यादा का असते हे सांगणाऱ्या एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1993 च्या आपल्या पुस्तकात पिनबॉलचंच उदाहरण घेतलं, ते उगाच नाही. धुळीचा कण, रबराची उष्णता, काचेखालची हवा यांमुळे खरं टेबलसुद्धा दोनदा सारखं वागत नाही. मग संगणकानं कोणत्या खऱ्या चेंडूची बरोबरी करायची? खांबांच्या घोळक्यात शिरलेल्या गोळीकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे की सरासरीनं ती खऱ्यासारखी भटकावी. ‘शंभर टक्के वास्तव भौतिकी’ या जाहिरातीला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

तरीही हा खेळ नशिबाचा नाही. न्यू यॉर्कमध्ये 1942 पासून पिनबॉलवर जुगार म्हणून बंदी होती. महापौर ला ग्वार्डिया यांच्या काळात पोलीस हातोड्यांनी यंत्रं फोडत. 1976 मध्ये बंदी उठवायची की नाही यावर विचार चालू असताना रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराला यंत्रापुढे उभं केलं गेलं. त्यानं दट्ट्या मागे ओढला, गोळी मधल्या वाटेनं जाईल असं आधी सांगितलं, आणि ती तिथूनच गेली. बंदी उठली. स्वतः शार्पनंही त्यात नशिबाचा हात असल्याचं नंतर मान्य केलं, पण मुद्दा पक्का आहे: पहिल्या टकरीच्या आधीचा प्रवास खेळाडूच्या हातात असतो. कसब त्या थोड्या अंतरात राहतं, दट्ट्यात आणि फ्लिपरच्या ठोक्यात. आणि नेमकं तिथेच पडदा दगा देतो. फ्लिपरवरून घरंगळणारी गोळी सेकंदाला दीड मीटर वेगानं जात असेल आणि बोटाचा स्पर्श पडद्यावर उमटायला 50 मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात ती साडेसात सेंटिमीटर गेलेली असते. फ्लिपरची लांबीही जवळपास तेवढीच. टोकाशी मारायचं की मुळाशी, हा सगळा निर्णय त्या उशिरात विरून जातो. क्लासमधले जुने खोक्यासारखे मॉनिटर मिळालेलं चित्र जवळजवळ तत्काळ दाखवत, आणि तारेच्या कीबोर्डवर कळ दाबल्याचं बोटालाही कळे. काचेच्या फोनवर अंगठा फ्लिपरवर आहे की शेजारी सरकलाय, हेही डोळ्यांनीच तपासावं लागतं.

खेळाडू उशिराला सरावतात, हा आक्षेप खरा आहे. ठरलेला उशीर हाताला अंगवळणी पडतो. थोडं आधी दाबायला माणूस शिकतो. पण फोन तापला, मागे काही डाउनलोड सुरू झालं की उशीर बदलतो, आणि बदलत्या उशिराला सराव लागू पडत नाही. टेबलाला धक्का देण्याचंही तसंच. खऱ्या यंत्राला कंबरेनं किती रेटायचं याचे असंख्य बारीक प्रकार असतात आणि जास्त रेटलं तर ‘टिल्ट’ होऊन डाव बुडतो. स्पेस कॅडेटमध्ये त्यासाठी तीन कळा होत्या, प्रत्येकीचा धक्का एकाच मापाचा.

म्हणून पडद्यावरचा पिनबॉल टाकाऊ ठरत नाही. शंभर किलोंहून जड, शेकडो दिवे आणि स्विच असलेलं यंत्र गोंदियात आणून त्याची देखभाल कोण करणार? पडद्यावर मात्र जुनी टेबलं नव्या माणसांना खेळता येतात. शिवाय एक गोष्ट तिथेच शक्य आहे: गोळी हव्या त्या जागी उचलून ठेवणं. स्पेस कॅडेटमध्ये ‘हिडन टेस्ट’ टाइप केलं की गोळी माउसनं ओढता येई. खांबांच्या वर अगदी थोड्या फरकानं ती पुन्हा पुन्हा सोडून पाहा. लॉरेन्झ काय म्हणत होते ते समीकरणाशिवाय दिसतं. अशी टेबलं जपण्यात मोडता येतो तो विज्ञानाचा नव्हे, वकिलांचा. ‘पिनबॉल आर्केड’ या डिजिटल संग्रहाकडचे विल्यम्स कंपनीच्या टेबलांचे हक्क 30 जून 2018 रोजी संपले आणि डझनावारी टेबलं विक्रीतून उतरली. उशिरावर निदान घरगुती उपाय आहेत: टीव्हीला जोडून खेळत असाल तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करा, तारेचा कीबोर्ड लावा, आणि मागे चालणारी बाकीची अ‍ॅप्स बंद करा.