सत्तर पानांचे पुडके, दहा मिनिटांची फिल्म

दिवाळी आटोपली की देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले वडसा, नाटकांच्या फलकांनी भरून जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून जी झाडीपट्टी होते, तिथे पुढचे काही महिने गावोगाव मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारी नाटके. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवर घालवलेल्या आयुष्यासाठी. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा २०२२चा चित्रपट याच दुनियेवर बेतलेला होता. एवढे सगळे दारात असताना आपल्या जिल्ह्यांतली कॉलेजची मुले लघुपट स्पर्धेची जाहिरात वाचली की पहिली चौकशी करतात ती कॅमेऱ्याच्या भाड्याची. कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. नट गावात आहेत, बोली घरात आहे, गोष्टी रोज कानावर येतात. कमी पडते ते वेगळेच, आणि ते बहुतेक वेळा पैशाने विकत मिळत नाही.

मराठी माणसाला थोडक्यात फिल्म करणे नवे नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल देणारा कुणी नव्हता. त्यांनी रोपाच्या वाढीची चित्रे रोज थोडी थोडी टिपली आणि मातीतून कोंब वर येऊन त्याचा वेल होताना मिनिटभरात पडद्यावर दाखवला. ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसे लावणाऱ्यांना विश्वास आला. अलीकडचा दाखला नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’चा. अहमदनगरला शिकत असताना केलेला हा लघुपट, त्यातला मुलगा अभिनयाची ओळखही नसलेला, विषय शाळेबाहेर राहिलेल्या पोराचा. आणि ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो पदार्पणाच्या गटात मानकरी ठरला. दोघांनीही हाताशी होते तेच उचलले.

आपल्याकडे मात्र हाताशी काय आहे असे विचारले की उत्तर येते, वाघ. ताडोब्याचा जिल्हा म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात चित्रीकरण करायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती मिळाली तरी सफारीच्या जिप्सीतून फोनवर टिपलेला वाघ परीक्षकांनी शेकडो वेळा पाहिलेला असतो. माझे स्पष्ट मत आहे की नवख्याने वाघ दाखवायच्या फंदात पडू नये. वाघ ज्यांच्या रोजच्या हिशेबात आहे त्या माणसांकडे कॅमेरा वळवावा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बाया-माणसे जंगलात जातात. वाकलेल्या, खाली बसलेल्या माणसाला वाघाचा धोका जास्त, हे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी जावे लागते, कारण वर्षभराच्या रोख पैशाचा मोठा वाटा त्या थोड्या दिवसांत हाती येतो. शेजारच्या घरी दुखवटा आहे आणि आपल्या घरी पाने आणायची आहेत, एवढ्यावर दहा मिनिटांची फिल्म उभी राहते. आणि त्यासाठी युनिटने पहाटे जंगलात शिरण्याची काहीच गरज नाही. कुणाचा जीव धोक्यात घालण्याइतकी कुठलीही स्पर्धा मोठी नाही. या गोष्टीचा निम्मा भाग अंगणात घडतो.

अंगणातले ते काम जवळून पाहा. सकाळी आणलेली पाने ओसरीत ओतली जातात. घरातली म्हातारी फाटकी पाने बाजूला टाकते, चांगली एकावर एक लावते आणि सत्तर पाने झाली की पुडके दोरीने आवळते. तिचे ओठ हलत नाहीत, मोजणी बोटांत असते. असे हजार पुडके म्हणजे एक प्रमाण गोणी. हे टिपताना फोन उभ्या माणसाच्या उंचीवर धरलात तर फक्त डोक्यावरचा पदर दिसेल. जमिनीवर बसा, फोन तिच्या गुडघ्याच्या पातळीला ठेवा आणि गाठ बसेपर्यंत शॉट कापू नका. मध्येच नात विचारते, ‘‘आजी, उद्या जाशीन का वो?’’ आणि बोटे एका पानावर अडखळतात. वाघाचा उल्लेखही न करता तो तिथे आला. याच ठिकाणी ढोल, बासरी किंवा यूट्यूबवरून उचललेले दुःखी संगीत टाकायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. परवानगीशिवाय वापरलेल्या संगीतावरून फिल्म बाद होऊ शकते, हा भाग वेगळाच.

नटांबद्दल थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण आपली खरी श्रीमंती तिथे आहे आणि अडचणही तिथेच. झाडीपट्टीचा कलावंत मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला शिकलेला असतो. रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या माणसाला जागे करण्याची ताकद त्याच्या आवाजात असते. तोच आवाज तीन फुटांवरच्या फोनसमोर लागला की खोटा वाटतो, आणि मग दिग्दर्शक म्हणवणारा बावीस वर्षांचा मुलगा त्याला म्हणतो, ‘‘काका, ओव्हर होतंय.’’ असे म्हणू नये. ज्याने आयुष्यभर हजारोंना रडवले त्याचा त्यात अपमान आहे. त्याला काम द्यावे. दोरी वळायला द्या, चूल पेटवायला द्या, सायकलची चेन बसवायला द्या आणि ते करता करता वाक्य म्हणायला सांगा. हात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो. दुसरे, संवाद पुस्तकी मराठीत लिहून नंतर ‘झाडी करून घेऊ’ असे करू नका. प्रसंग सांगा, त्यांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या आणि जे निघेल ते लिहून घ्या. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडची गोष्ट असेल आणि माणसे गोंडी किंवा माडिया बोलत असतील तर फिल्मही त्याच भाषेत व्हावी. खाली सबटायटल देता येतात.

कमी खर्चाच्या फिल्मा चित्रापायी क्वचित पडतात, आवाजापायी हमखास पडतात. अंधूक चित्र प्रेक्षक सोसतो, न कळलेले वाक्य सोसत नाही. उमेश कुलकर्णी यांची ‘गिरणी’ ही एफटीआयआयमधली डिप्लोमा फिल्म मुलांनी जरूर पाहावी. घरात आलेली पिठाची गिरणी आणि तिच्या घरघरीत कोंडलेला मुलगा, असा आवाजावरच तोललेला तो लघुपट आहे. आपल्याकडे साधा कॉलर माइक दुसऱ्या फोनला जोडून नटाच्या खिशात ठेवला तरी काम होते. शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवायची, म्हणजे संकलनात चित्र आणि आवाज जुळवता येतात. दोन्ही फोन फ्लाइट मोडवर. आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी गप्प राहून मिनिटभर नुसता तिथला आवाज टिपून घ्यायचा. सागाचा वाळलेला पाला उन्हाळ्यात इतका वाजतो की चार माणसे चालली तर संवाद बुडतो. म्हणून चालतानाची वाक्ये थांबून बोलवून घ्यावीत आणि पाल्याचा आवाज वेगळा घ्यावा.

जंगल फार भरभर बदलते, हे बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस लाल झालेला असतो, एप्रिलमध्ये ती फुले नसतात. दर रविवारी थोडे थोडे शूटिंग करणाऱ्यांच्या फिल्ममध्ये नायिका लाल पळसाखालून निघते आणि पुढच्या क्षणी हिरव्या झाडाखाली पोहोचते. बाहेरचे प्रसंग सलग दोन-तीन दिवसांत संपवावेत. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना टेकतो, तेव्हा फोन तापून बंद पडतो आणि माणसांचेही हाल होतात. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर, मधल्या वेळात घरातले प्रसंग, असा दिवस आखावा. घरात ट्यूब किंवा एलईडी असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावे, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे चित्र लुकलुकते. थर्माकोलचा पांढरा पत्रा हा अजूनही सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा दिवा आहे.

गावात कॅमेरा काढण्याआधी गावाला सांगावे. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने होतात. त्या गावाकडून सगळ्यांनी शिकावे असे हे वळण आहे. गोष्ट काय आहे, कोण दिसणार, किती दिवस लागणार, हे सभेत बसून सांगितले तर गाव मदतीला उभे राहते. पोलीस पाटलांना आणि ठाण्याला लेखी कळवावे. वनजमिनीवर चित्रीकरण असेल तर वन विभागाची परवानगी घ्यावी आणि ड्रोनचा विचार सोडून द्यावा.

पैशांचे म्हणाल तर पंधरा हजार रुपये जमले असतील तर माझ्या हिशेबाने त्यातले पाच-सहा हजार जेवण आणि पेट्रोलला ठेवा, तीन हजारांत माइक आणि स्टँड, आणि उरलेल्यातून कलावंतांना मानधन द्या, थोडे का होईना. सीझन सोडून आलेल्या नटाची एक रात्र बुडते, तेंदूच्या हंगामात म्हातारीची मजुरी बुडते. ‘हौशी’ म्हणून ती बुडवण्याचा आपल्याला अधिकार नाही. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते.

स्पर्धेची नियमावली मात्र पटकथेच्या आधी वाचायची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग २०१५ पासून लघुपट स्पर्धा घेतो. प्रवेश विनामूल्य, भाषा कुठलीही भारतीय, सोबत इंग्रजी सबटायटल आणि लांबी तीन ते दहा मिनिटे. तेंदूची गोष्ट तिथे नेमकी बसते. श्रेयनामावली लांबीत धरतात का, फिल्म आधी इंटरनेटवर टाकलेली चालते का, हे प्रत्येक स्पर्धेत वेगळे असते. भामरागडच्या बाजूला राहणाऱ्यांनी अपलोडसाठी वेगळा दिवस धरावा. शेवटच्या रात्री नेटवर्कची वाट बघत बसण्यापेक्षा फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आलापल्ली किंवा चंद्रपूर गाठावे. आणि पाठवण्यापूर्वी ज्यांनी काम केले त्यांना त्यांच्याच अंगणात फिल्म दाखवावी. पुडके चुकीचे बांधलेले दिसले तर ती म्हातारी लगेच सांगेल, आणि तो शॉट परत घ्यायला तेव्हा अजून वेळ असेल.