आधी कान बघा, मग घोडा

पोट्टे हो, आपल्या नागपुरात झिरो माइलच्या खांबापाशी चार घोड्यांचे पुतळे आहेत, ते तुम्ही येता-जाता पाहता. त्यांच्या मागून जा, पुढून जा, आरडाओरडा करा, त्यांना काही फरक पडत नाही. जिवंत घोड्याचं तसं नसतं. आमच्या लहानपणी महालातून सीताबर्डीला जायचं तर टांगा लागायचा. घोड्याजवळ कसं जावं, हे आम्हाला टांगेवाल्यांनी शिकवलं. तसंच का जावं, हे पुढं विज्ञानाच्या पुस्तकांनी सांगितलं.

इतवारीतला एक म्हातारा टांगेवाला पोरांना दटावायचा, "मागून येऊ नको बे! खांद्यापाशी ये, अन् आवाज देत ये. तो तुले पाहून राहिला."

खरंच पाहत असतो. घोड्याला शिंगं नाहीत, पंजे नाहीत. लाखो वर्षं लांडगे-वाघांच्या तावडीतून तो वाचला तो वेळीच पळाल्यामुळं. जमिनीवरच्या प्राण्यांत फार थोड्यांचे डोळे त्याच्याएवढे मोठे आहेत, आणि ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दोनच जागा सुटतात. एक शेपटीच्या थेट मागं, दुसरी कपाळाच्या अगदी पुढं. मागून कुणी हात लावला की तो माणूस आहे की वाघ, हे बघायला घोडा थांबत नाही. आधी लाथ, मग चौकशी. यात त्याचा खट्याळपणा काही नाही. चौकशी करत बसलेल्या घोड्यांना पिल्लंच झाली नाहीत.

आता कान. घोड्याचा कान अर्ध्या वर्तुळात फिरतो, आणि दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एक कान पुढं, एक मागं टांगेवाल्याकडं, असा टांग्याचा घोडा मी कितीदा पाहिलाय! पुढचा कान रस्त्याचा, मागचा मालकाचा. दोन्ही कान मागं मानेला चिकटले की समजायचं, स्वारी चिडलीय, लांब राहा.

पण घोडा किती बारीक पाहतो, ते कळायला तुम्हाला बर्लिनला न्यावं लागेल. तिथं विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला बेरीज-वजाबाकी शिकवली. तीन आणि चार किती, असं विचारलं की हान्स खूर सात वेळा आपटायचा आणि थांबायचा. लोकांची झुंबड उडायची. 1904 साली जाणत्या लोकांची समितीच बसली. तिला कुठं लबाडी सापडली नाही, कारण मास्तर लबाड नव्हतेच.

मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण अभ्यासकानं एक साधी गोष्ट केली. ज्याला स्वतःला उत्तर ठाऊक नाही, अशा माणसाला प्रश्न विचारायला लावला. हान्स चुकला. मग घोड्याला झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला. हान्स पुन्हा चुकला. गुपित असं निघालं: प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडं बघायला किंचित वाकतो. बरोबर आकडा आला की नकळत त्याचं डोकं केसभर वर जातं. हान्स तेवढं टिपायचा आणि थांबायचा. सगळ्यात नवल पुढं आहे. हे सगळं ठाऊक झाल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल धड आवरता येईना! मास्तरांना फार वाईट वाटलं. मला मात्र वाटतं, हान्सला गणित आलं असतं तर त्यात एवढी मोठी गंमत नव्हती. माणसाला स्वतःलाच ठाऊक नसलेलं त्याच्या अंगावरून वाचायचं, हे गणिताहून अवघड आहे.

2016 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. रागावलेला चेहरा दिसला की घोड्यांच्या काळजाचे ठोके लवकर वाढत, आणि ते तो फोटो डाव्या डोळ्यानं बघू लागत. डाव्या डोळ्यानं पाहिलेलं मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागाकडं जातं, आणि धोक्याची दखल घेणं बरंचसं त्याच भागाचं काम. म्हणून सांगतो, घरी भांडून आलात तर आधी जरा थांबा, श्वास खाली बसू द्या, मग घोड्याकडं जा. वरवर हसून भागणार नाही.

त्यानं आपल्याला वाचायचं आणि आपण त्याला वाचायचं नाही, हा कुठला न्याय? आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा टांग्याच्या घोड्याच्या पट्ट्याखाली पांढरा फेस दिसायचा. तो साबणाचाच प्रकार म्हणा. घोड्याच्या केसांवर तेलकट थर असतो, त्यावरून घाम नुसता ओघळून गेला असता. म्हणून त्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. ते घाम केसांतून पसरवतं, वारा लागतो, अंग निवतं. पट्टा घासला की त्याचाच फेस होतो. चांगला टांगेवाला तो फेस बघून टांगा सावलीत घ्यायचा, पाणी दाखवायचा. घोडा कुरकुर करत नाही, त्याचे हाल असे नजरेनंच ओळखावे लागतात.

झोपेचंही तसंच. घोडा उभ्या-उभ्या डुलकी घेतो, कारण मागच्या पायाची गुडघ्याची वाटी हाडाच्या उंचवट्यावर अडकून बसते आणि पाय फारसे कष्ट न घेता ताठ राहतो. नागपूरकर रघुजी भोसल्यांची फौज 1742 मध्ये भास्करराम कोल्हटकरांबरोबर पार बंगालपर्यंत गेली, तेव्हा वाटेत असे किती घोडे उभ्या-उभ्या पेंगले असतील! पण गाढ, स्वप्नांची झोप घ्यायला घोड्याला आडवंच व्हावं लागतं. निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. कळपात बाकीचे लोळले तरी एखादा पहाऱ्याला उभा असतो. ज्याला दिवसेंदिवस आडवं होता येत नाही, तो उभ्या-उभ्या गाढ झोपेत शिरतो आणि गुडघ्यात कोसळतो.

आता लग्नसराई येईल. वरातीत घोडी उभी असेल, मागं डीजे, शेपटीशी फटाक्यांची माळ. नेमकी तीच जागा, जी तिला दिसत नाही. मोठ्यांना सांगा, माळ लांब लावा. आणि तुम्हाला तिला हात लावायचाच असेल तर आधी मालकाला विचारा. बाजूनं, खांद्याच्या रोखानं, बोलत जा. हाताची पाठ तिला हुंगू द्या. कान सैल पडले, मान खाली आली, की मानेवर हात फिरवा. कपाळावर थोपटू नका, तिथला हात तिला दिसत नाही.