वायफाय कार्डाचा दडवलेला कागद

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत पाठिंबा संपला आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप जुन्यात जमा झाले. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आयटीतली नोकरी मराठी घरांना नवी नाही. तिथल्या कपाटांत असा एखादा लॅपटॉप सापडणे अवघड नाही. त्यावर लिनक्स टाकावे, हा सल्ला योग्यच आहे. पण टाकल्यावर पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, आवाज येतो आणि वायफायचे चिन्ह मात्र उगवत नाही. मग ‘लिनक्सवर हे कार्ड चालत नाही’ असा निकाल लागतो. माझ्या मते हा निकाल चुकीच्या आरोपीवर लागतो. कार्ड बहुधा शाबूत असते आणि लिनक्सही सक्षम असते. त्या कार्डाशी कसे बोलायचे, हे सांगणारा कागद तेवढा कंपनीच्या तिजोरीत असतो.

टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय -एनएन’ अशी आज्ञा दिली की कार्डाची ओळख दोन आकड्यांत समोर येते. उदाहरणार्थ, १४ई४:४३१५. पहिला भाग कंपनीचा, म्हणजे ब्रॉडकॉमचा. दुसरा त्या विशिष्ट चिपचा. (इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ सालच्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण कंपनीने अशी जपली आहे!) यंत्र सुरू होताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हे आकडे वाचतो आणि कार्डाशी बोलणारा कोणता ड्रायव्हर त्यांच्यावर हक्क सांगतो ते पाहतो. कधी योग्य ड्रायव्हर असतो, पण त्याच्या यादीत नव्या चिपचा क्रमांक नसतो. तिथे एका ओळीची भर पुरते. कधी ड्रायव्हर जागा होतो, पण कार्डात भरायचे फर्मवेअर सापडत नाही, आणि तशी तक्रार कर्नलच्या नोंदींत, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, स्पष्ट लिहिलेली असते. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचे फर्मवेअर वाटण्याची परवानगीच नव्हती. म्हणून ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ नावाचे साधन ते कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढते. त्यासाठी इंटरनेट लागते, आणि अडलेले असते तेच. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे. तिसरी परिस्थिती सर्वांत बिकट: ड्रायव्हरच नाही, कारण तो लिहायला लागणारी माहिती कुणालाच दिलेली नाही.

ही कोंडी फोडणाऱ्यांपैकी एकाचे नाव संगणकाच्या जगाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. लॅरी फिंगर हे मुळात स्फटिकशास्त्रज्ञ. कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी काम केले, आणि ‘फिंगराइट’ हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. निवृत्तीनंतर ते लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांकडे वळले. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी स्वयंसेवकांनी तेव्हा एक शिस्त पाळली होती: एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचे वर्णन लिहायचे, आणि मूळ संकेत कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचायचा, म्हणजे नकलेचा आरोप टिकत नाही. या कष्टातून आलेला ड्रायव्हर २००६ साली कर्नलमध्ये दाखल झाला. स्फटिकशास्त्रज्ञ अणू थेट पाहत नाही. क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून तो त्यांच्या जागा ठरवतो. बंद चिपपुढे बसलेल्या माणसाचे कामही याच जातीचे आहे, आणि म्हणूनच फिंगर यांचे हे दुसरे आयुष्य मला पहिल्याचाच विस्तार वाटते. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. असंख्य लॅपटॉप आजही त्यांच्या श्रमांवर इंटरनेटला जोडले जातात.

कंपन्यांचा पहिला बचाव असा की कार्ड म्हणजे रेडिओ. त्याची शक्ती आणि लहरी कायद्याने बांधलेल्या असतात, म्हणून माहिती खुली करता येत नाही. मुद्दा गंभीर आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. अथेरॉस या चिप कंपनीने २००८ साली खुला ड्रायव्हर दिला. खुद्द ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१० मध्ये तेच केले, मात्र नव्या चिपपुरते. कायदा त्यांनाही लागू होताच. दुसरा बचाव व्यापारी गुपिताचा. त्याचे उत्तर एडिसन गावातच आहे. रॅरिटन टाउनशिपला हे नाव १९५४ साली मिळाले, कारण तिथल्या मेन्लो पार्कमध्ये थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती. विजेच्या दिव्याचे त्याचे पेटंट, क्रमांक २,२३,८९८, २७ जानेवारी १८८० रोजी मंजूर झाले, आणि त्यात कार्बनचा तंतू, निर्वात काच, तारांची जोडणी हे सारे आकृतीसह मांडलेले आहे. एडिसन उदार होता म्हणून नव्हे, तो तर कोर्टात कडवेपणाने लढणारा. पेटंटचा सौदाच तसा आहे: ठरावीक वर्षांची मक्तेदारी घ्या, बदल्यात रचना जगाला सांगा. वायफाय कार्डाबाबत तर चिपची रचनाही कुणी मागत नाही. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहायचा, एवढेच मागणे आहे.

थोड्या डॉलरांत यूएसबीचे वायफाय मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप उरतो. एका घरापुरता तो बरोबर आहे, आणि घाई असेल तर तसेच करावे. फक्त घेण्याआधी त्यातली चिप लिनक्सला ओळखीची आहे ना, ते पाहावे. पण ज्या वस्तूचे पूर्ण पैसे मोजले, ती उत्पादकाच्या मौनामुळे कचऱ्यात जावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने २०२२च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि सुटे भाग व माहिती ग्राहकाला मिळण्याचे तत्त्व मान्य केले. त्याच तत्त्वाने पुढे जाऊन एक नियम हवा: कंपनीने ज्या दिवशी पाठिंबा थांबवला, त्या दिवशी त्या चिपचे तांत्रिक दस्तऐवज खुले झाले पाहिजेत. बाकीचे काम करायला जाणकार हात आहेत, हे फिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद हाती नसतानाही सिद्ध केले आहे.