म्हातारपण तीस वर्षांचं, नोकरी तीन वर्षांची

एमआरआयच्या बोगद्यात शिरण्याआधी सत्तरीच्या माणसाला बरंच काही उतरवून ठेवावं लागतं. चष्मा, श्रवणयंत्र, धातूच्या तारेची कवळी, किल्ल्या, कमरेचा पट्टा. पेसमेकर असेल तर बहुतेक प्रयोगांतून नावच गळतं. हातात एक रबरी फुगा देतात, जीव घाबरला तर दाबा म्हणून. मग खडखडाट सुरू होतो आणि डोळ्यांवरच्या आरशात शब्दांच्या जोड्या उमटू लागतात. आधी लक्षात ठेवायच्या, नंतर आठवायच्या. डोकं जरा हललं तरी चित्र बिघडतं, आणि या वयात पाठ धरते, खोकल्याची उबळ येते.

बाहेर काचेआड बसलेला असतो पोस्टडॉक. पीएच.डी. झालेली, कायमची नोकरी लागलेली नाही, हातात दोन-तीन वर्षांचा करार. वार्धक्यातल्या स्मृतीबद्दल आज जे कळलं आहे, त्यातलं बरंचसं अशाच माणसांच्या खपण्यातून आलं.

रॉबर्टो काबेझा हे त्यांतले एक. टोरोंटोच्या रॉटमन संस्थेत पोस्टडॉक असताना त्यांनी 1997 साली पेट स्कॅन या मेंदू-चित्रणाच्या दुसऱ्या तंत्राने केलेल्या अभ्यासाचा निबंध प्रसिद्ध केला. आठवताना तरुणांच्या कपाळामागचा मेंदू मुख्यतः उजव्या बाजूने कामाला लागत होता, वृद्धांचा दोन्ही बाजूंनी. 2002 मध्ये त्यांनी वृद्धांचेच दोन गट पाडले. ज्यांची स्मरणशक्ती शाबूत होती त्यांच्यात दोन्ही बाजू जाग्या. ज्यांची उतरली होती त्यांच्यात तरुणांसारखी एकच. अर्थ सरळ वाटला: एक बैल थकला की दुसरा जू ओढतो. ही कल्पना लोकप्रिय झाली नसती तरच नवल. म्हातारपणाबद्दल चांगली बातमी कोणाला नको असते?

पण हे स्कॅन आठवण मोजत नाहीत, रक्त मोजतात. एमआरआयचा हा उपयोग सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये दाखवला: रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदललं की चुंबकीय संकेत बदलतो. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात. मग फरक चेतापेशींच्या कामात पडला की नळांत, हे रंगीत ठिपक्यावरून कसं ठरवायचं?

दुसरा घोळ माणसं निवडण्यातला. स्वीडनमधल्या उमेओ इथे ‘बेतुला’ प्रकल्प 1988 पासून त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा तपासत आला आहे. लार्स नीबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये त्यातली गंमत दाखवली. वेगवेगळ्या वयांच्या माणसांची आपसात तुलना केली, तर वयस्कांच्या कपाळामागची हालचाल जास्त दिसे. त्याच माणसाची काही वर्षांपूर्वीच्या त्याच्याशीच तुलना केली, तर ती कमी झालेली निघे! खणखणीत वृद्धच प्रयोगाला टिकून राहिले होते. जास्तीची हालचाल ही त्यांची होती, वयाची नव्हे. 2018 मध्ये अ‍ॅलेक्सा मॉरकॉम आणि रिचर्ड हेन्सन यांनी आणखी एक खिळा ठोकला: वृद्धांमधल्या त्या वाढीव हालचालीत आठवणीबद्दलची जास्तीची माहिती सापडत नाही. वाद मिटलेला नाही, पण मला उमेओचा पुरावा सर्वांत भारी वाटतो. त्यात चलाखी कमी आणि थांबण्याची तयारी जास्त आहे.

ही तयारी आता आपल्याकडेही दिसते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढच्या ग्रामस्थांचा दीर्घकाळ मागोवा घेतं आहे; उद्दिष्ट 10,000 जणांचं. अक्षरओळख नसलेल्याला शब्दांच्या जोड्या दाखवून काय उपयोग? चाचण्याही तशाच घडवाव्या लागतात. तुलनेसाठी लागणारा मेंदूचा नमुना-नकाशा हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 मध्ये 100 भारतीयांवरून बनवला, आणि आपला मेंदू पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा आकाराने लहान भरला. मात्र ते शंभरही तरुणच होते. वयाने आक्रसलेला मेंदू त्या साच्यात बसवताना कडा पुन्हा कोणा पोस्टडॉकलाच तपासाव्या लागणार. आज श्रीनिवासपूरला पंचेचाळिशीत नाव नोंदवलेली बाई सत्तरीला पोचेपर्यंत काचेआडच्या त्या खुर्चीत आठ-दहा जण बसून गेलेले असतील.