जुनी रायफल नेम का चुकवते?

बंगळूरमध्ये आयुष्याचा मोठा भाग घालवलेले केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे विमान-कारखान्यात नोकरी करीत आणि सवड मिळताच दक्षिणेतील जंगलांत भटकत. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पुस्तकापासून त्यांनी नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या ज्या हकिगती लिहिल्या, त्यांत एक कारण पुन्हा पुन्हा डोकावते. कोणा शिकाऱ्याची गोळी भलत्या जागी लागलेली असते, आणि पंगू झालेले जनावर सहज मिळेल त्या भक्ष्याकडे वळलेले असते. उत्तरेत जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा, तर खालचा थेट हाडापर्यंत. ती इजा बंदुकीच्या जुन्या गोळीची होती. चुकलेला नेम ही केवळ नेमबाजाच्या मानापमानाची गोष्ट नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचे ते युग संपले; रायफली मात्र राहिल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास परतलेल्या इंग्रजांनी विकलेल्या, वाडवडिलांकडून वारशाने आलेल्या, इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या अशा अनेक रायफली आजही परवानाधारकांकडे आहेत. १९८० च्या दशकात खाजगी आयातीवर निर्बंध आल्यापासून जुन्या विदेशी शस्त्रांना मागणी वाढली. बंगळूरच्या पश्चिमेस कोडगू जिल्ह्यात तर कोडवा समाजाला व जम्मा जमीनधारकांना परवान्याच्या अटीतूनच सूट असल्याने बंदूक ही घरातील पूजेची वस्तू आहे. अशी एखादी वापरलेली रायफल विकत घेतली जाते, हौसेने नेमबाजीच्या मैदानावर नेली जाते, आणि गोळ्या लक्ष्यावर हव्या तिथे लागत नाहीत. अशा वेळी दोष कसा शोधावा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दोन निराळे आजार

वैद्य प्रथम रोगाचे लक्षण पाहतो, औषध नंतर देतो. येथेही तोच क्रम हवा. रायफल भक्कम आधारावर ठेवून, एकाच बिंदूवर नेम धरून, सावकाश दहा गोळ्या झाडाव्यात. तीन गोळ्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. तीन गोळ्या योगायोगानेही जवळजवळ पडू शकतात.

आता कागदावरील छिद्रांकडे पाहावे. छिद्रे एकमेकांजवळ, परंतु केंद्रापासून दूर असतील, तर रायफल निरोगी आहे. केवळ तिची नेमाची साधने सरकलेली आहेत. छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतील, तर आजार खोल आहे. नेमाची साधने कितीही फिरवली तरी तो बरा होणार नाही. पुष्कळ नवखे मालक या दोहोंत गल्लत करतात आणि विखुरलेल्या गोळ्यांच्या मागे धावत माशी इकडेतिकडे ठोकीत बसतात.

पहिल्या आजाराचे गणित सोपे आहे. नळीच्या टोकावरील माशी आणि मागील खाच यांत ५०० मिलिमीटर अंतर आहे असे समजू. माशी १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १०० मीटरवर गोळी २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, बाजूला जाईल. एक दशांश मिलिमीटरचा फरकसुद्धा तेथे २० मिलिमीटरचा होतो. माशी डावीकडे सरकवली की मार उजवीकडे जातो. खाच डावीकडे सरकवली तर मार डावीकडे जातो. जुन्या रायफलीची माशी कधी काळी भिंतीवर आपटून वाकलेली असणे मुळीच अशक्य नाही.

माणूस आणि काडतूस

विखुरलेल्या गोळ्यांचे खापर रायफलीवर फोडण्यापूर्वी दोन साक्षीदार तपासावेत. पहिला साक्षीदार म्हणजे नेमबाज स्वतः. आवाजाच्या व धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणे, खांदा पुढे लोटणे हे दोष ज्याचे त्याला कळत नाहीत. यासाठी एखाद्या अनुभवी नेमबाजाने तीच रायफल झाडून पाहावी. त्याचा पुंजका लहान पडला, तर शोध तेथेच संपला.

दुसरा साक्षीदार म्हणजे काडतूस. इशापूरच्या ०.३१५ रायफलीला लागणारी काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात तयार होत आली आहेत. हे माप मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसावरून आले, लष्करी ०.३०३ काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये, या इंग्रजी धोरणामुळे ते भारतात रूढ झाले. काडतुसे निरनिराळ्या वर्षांची, निरनिराळ्या खेपांची मिसळलेली असतील, दमट कपाटात वर्षानुवर्षे पडलेली असतील, तर दारूचा जोर प्रत्येक वेळी निराळा होतो आणि छिद्रे उभ्या ओळीत पसरतात. म्हणून चाचणी एकाच खेपेच्या काडतुसांनी करावी, आणि ती काडतुसे उन्हात तापू देऊ नयेत.

मळसूत्रे आणि लाकूड

माणूस व काडतूस निर्दोष ठरले, की रायफलीकडे वळावे. हात लावण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करून घ्यावी. हा नियम जाणकारालाही लागू आहे.

सर्वांत सामान्य दोष सर्वांत स्वस्तही असतो, तो म्हणजे सैल झालेले मळसूत्र. दस्ता आणि यंत्रभाग जोडणारी मळसूत्रे, दुर्बीण असल्यास तिची पकड, माशीचा पाया हे सर्व घट्ट आहे की नाही ते पाहावे. प्रत्येक धक्क्याबरोबर दुर्बीण केसभर हलत असेल, तर उत्तम नळीही निरुपयोगी ठरते.

त्यानंतर लाकूड. ०.३१५ रायफलीची घडण ली-एनफिल्ड पद्धतीची असून तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते. बंगळूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नीट लावलेली रायफल जुलैमध्ये कोडगूच्या पावसात नेली, तर फुगलेले लाकूड नळीला एका बाजूने रेटू शकते. नळी तापत जाते तसतशा गोळ्या एकाच दिशेला सरकत असतील, तर हा संशय बळावतो. मात्र लगेच कानस हाती घेऊ नये. काही रायफलींत नळीचा लाकडाशी विशिष्ट ठिकाणी स्पर्श मुद्दाम ठेवलेला असतो. तो घासून टाकल्यास दोष कायमचा होतो.

नळीचे अंतरंग

रायफलीच्या नळीत आतून पेचदार खोबणी असतात. त्यांत अडकून गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तशी ती हवेत सरळ राहते. या खोबणी मळल्या वा झिजल्या, की गोळीचा तोल जातो.

मळ दोन प्रकारचा. गोळीच्या आवरणातील तांबे घासून नळीत चिकटते. ते काढण्यास खास द्रावण लागते आणि धीर लागतो. दुसरा शत्रू अधिक कपटी आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळल्यावर मागे मिठासारखा क्षार उरतो. हा क्षार हवेतील पाणी ओढून घेतो आणि पोलाद गंजवतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. त्यामुळे केवळ तेलाचे फडके फिरवून निश्चिंत झालेल्या मालकांच्या नळ्या एका पावसाळ्यात खड्डे पडून खराब झाल्या. नळी प्रथम गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल द्यावे.

झीज पाहताना नळीच्या तोंडाकडे विशेष लक्ष द्यावे. गोळी नळीचा निरोप घेते तो हा क्षण. तेथील कड एका बाजूने ठेचलेली वा झिजलेली असेल, तर मागून येणारा वायू गोळीला असमान धक्का देतो. याचे एक कारण चकित करणारे आहे: अतिस्वच्छता. अँडरसन यांच्याजवळ १८९५ नमुन्याची ०.४०५ विंचेस्टर रायफल होती. खटका खालीवर करून चालणाऱ्या त्या जातीच्या रायफलीत साफसफाईची कांब मागून घालता येत नाही. तोंडाकडूनच घालावी लागते. अशा रायफलीत वर्षानुवर्षे वेडीवाकडी फिरलेली कांब तोंडाजवळच्या खोबणी खाऊन टाकते. सुदैवाने हा दोष कुशल कारागीर तोंडाची कड पुन्हा कापून दूर करू शकतो.

काडतुसाच्या घरापुढील भाग तप्त वायूंनी जळून झिजलेला असेल, किंवा खोबणीच पुसट झाल्या असतील, तर उपाय नाही. नळीला फुगवटा दिसला, कोठे चीर आढळली, अथवा झाडलेल्या काडतुसाचे कवच मागे तडकत असेल, तर अचूकतेचा प्रश्न बाजूला ठेवून ती रायफल त्याच क्षणी वापरातून काढावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक-दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. हे काम परवानाधारक कारागिराचेच आहे, घरच्या हातोडीचे नव्हे.

एका वेळी एकच

या साऱ्या तपासणीचा गाभा एका नियमात सामावलेला आहे: एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा दहा गोळ्या झाडाव्यात. मळसूत्रे आवळली, नळी धुतली, काडतुसे बदलली आणि मग गोळ्या नीट पडू लागल्या, तर दोष कोणता होता हे कधीच कळणार नाही. तो परत आला की शोध पुन्हा मुळापासून सुरू करावा लागेल. प्रत्येक चाचणीचा कागद तारखेसह जपून ठेवावा. वापरलेल्या रायफलीचा पूर्वेतिहास सहसा कोणी सांगत नाही. हे कागदच तिचा नवा इतिहास होतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. जुन्या शिकारी रायफलीकडून तेवढी अपेक्षा कोणी करू नये. परंतु तिची गोळी कोठे जाईल, हे मालकाला निश्चित ठाऊक असले पाहिजे. लक्ष्य चुकलेली गोळी नाहीशी होत नाही. अशा काडतुसाची गोळी दोन किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते, आणि तेथे कोण उभे आहे हे चाप ओढणाऱ्याला दिसत नसते.